टाकीच्या तोंडाशी केळुसकरमामा

केळुसकरमामा कँटीनमध्ये जेवायला आले की आधी खिशातला रुमाल नळाखाली ओला करून पिळत, टेबलावर पसरत आणि त्यावर ताट ठेवत. मग डावा हात ताटाभोवती वळवून घेत. चहा अर्ध्या कपाच्या वर कधी घेत नसत. चाकणच्या आमच्या कंपनीत नवीन लागलेला प्रत्येक जण हे बघून हसायचा. मीही हसलो होतो. "मामा, टेबल कुठं पळून चाललंय का?" असं विचारल्यावर ते शांतपणे म्हणाले, "तुझं नाही पळत. माझं सोळा वर्षं पळत होतं. हाताला अजून पटलेलं नाही."

ते मूळचे वेंगुर्ल्याकडचे. मालवाहू जहाजांवर इंजिनरूममध्ये फिटर होते. चाळिशीच्या आत समुद्र सोडला, रहाटणीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि आमच्या मेंटेनन्समध्ये लागले. मी लातूरकडून आलेला, चिखलीत राहणारा, वयाने त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. पण माझ्याकडे डिप्लोमा होता म्हणून कागदोपत्री मी त्यांचा सुपरवायझर. शॉपमधले लोक त्यांना 'कप्तान' म्हणायचे. ते त्यांना अजिबात खपायचं नाही.

"कप्तान वर काचेमागे बसतो. त्याला समुद्र दिसतो," ते म्हणत. "मी पाण्याच्या पातळीखाली. तिथे समुद्र दिसायला लागला तर समज, जहाज बुडालं."

जहाजावरच्या आयुष्याबद्दल लोक त्यांना हौसेने विचारायचे. किती देश बघितले, मासे केवढे असतात, वादळात भीती वाटते का. त्यांची उत्तरं ऐकून हौस फिटायची. नऊ-नऊ महिने जहाज हेच घर. इंजिनरूममध्ये अंगातून पाणी निथळेल असा उकाडा आणि कानात बोळे घालूनही डोक्यात शिरणारा आवाज. बंदर लागलं तर उतरायला चार तास मिळणार, तेही स्पेअर पार्ट वेळेवर आले तर. वडील वारले तेव्हा ते समुद्राच्या मध्यावर होते. निरोप मिळाला आणि परत फिरता येणारच नव्हतं, म्हणून त्या दिवशी त्यांनी पंपाचं काम पूर्ण केलं. मुलगी त्यांना पहिल्यांदा भेटली ती अकरा महिन्यांची होऊन. त्यांना बघून ती रडायला लागली आणि दोन दिवस थांबलीच नाही. "जहाजावर माणसाचं वय वाढत नाही," ते म्हणायचे. "घरी पाऊल टाकलं की सगळं एकदम वाढतं."

एका विषयावर मात्र ते स्वतःहून बोलत, कोणी विचारायच्या आधी. बंद टाक्या.

त्यांच्या शेवटच्या जहाजावर एक रिकामी टाकी बरेच महिने बंद होती. डेकवरच्या खलाशांचा मुकादम, ज्याला जहाजावर सारंग म्हणतात, तो गंज किती चढलाय ते बघायला आत उतरला. तो मामांच्या गावचा, त्यांना जहाजावर आणणारा, वडिलांच्या जागी असलेला माणूस. हाकेला ओ येईना म्हणून मागोमाग एक तरुण अधिकारी उतरला. दोघेही परत आले नाहीत. आत ना आग होती, ना पाणी, ना विष. फक्त हवा नव्हती. "बंद टाकीत गंज चढताना लोखंड हवेतला प्राणवायू खाऊन टाकतं," मामा सांगत. "तू उतरतोस तेव्हा तुझा श्वास आधीच कोणीतरी घेऊन टाकलेला असतो."

हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतं की लोक तोंड लपवून हसायचे. पण कंपनीत जमिनीखाली सांडपाण्याची एक खोल टाकी होती, आणि तिच्या बाबतीत मामांपुढे मॅनेजरचंही चालायचं नाही. आधी झाकण उघडून तासभर पंख्याने हवा सोडायची, मग दोरीला बांधून गॅसचा मीटर खाली सोडायचा, मग त्यांच्या रजिस्टरमध्ये सही, आणि मगच माणूस. झाकणाला कुलूप. किल्ली त्यांच्या कपाटात. "सडक्या अंड्यासारखा घाण वास येतोय तोवर बरं," ते नव्या लोकांना बजावत. "वास अचानक गेला, तर टाकी साफ झालेली नसते. तुझं नाक मेलेलं असतं. तेव्हा पळ."

संतोष माझा मावसभाऊ. गावाकडे काही उरलं नाही तेव्हा बायको रेखा आणि दोन मुलींना घेऊन तो चऱ्होलीत येऊन राहिला आणि मी त्याला आमच्याकडे कंत्राटावर लावून घेतलं. कामाला वाघ. मामांचं आणि त्याचं चांगलं जमायचं. वेल्डिंग शिकताना तो मामांच्या शिव्या निमूट खायचा आणि दुपारी त्यांना रेखाने केलेली शेंगदाण्याची चटणी द्यायचा. "मामा, जहाजावर असली भेटत हुती का?" असं विचारून स्वतःच हसायचा.

तो शनिवार होता. सकाळी अकराचा सुमार. टाकीतला पंप चिंध्यांनी तुंबला आणि घाण पाणी वर चढायला लागलं. आणखी तासाभरात रंगकामाची लाइन बंद पडली असती. गॅसचा मीटर दुरुस्तीला गेला होता. मामांनी आदल्या दिवशीच रजिस्टरमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं : मीटर नाही, टाकी उघडायची नाही, सोमवारी बघू. ते प्लँटच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसरपाशी होते. मॅनेजरचा मला तिसरा फोन येऊन गेला होता. मामांच्या कपाटाची दुसरी चावी सुपरवायझर म्हणून माझ्याकडे असायची. मी किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

संतोष म्हणाला, "दादा, चार पायऱ्या उतरायचं, चिंध्या काढायच्या, वर यायचं. मी जायलोय बघा."

मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणालो, "जा. पटकन ये."

तो उतरला. पहिल्यांदा वासाला शिवी घातली. मग खालून त्याचा आवाज आला, "दादा, आता वास बी येईना गेला बघा." मी हाक मारेपर्यंत खाली काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

मी शिडीवर पाय टाकला होता. तेवढ्यात मागून कोणीतरी माझा पट्टा धरून मला असं ओढलं की मी पाठीवर आपटलो. मामा. ते कुठून धावत आले, कोणी बोलावलं, मला आजही माहीत नाही. "खंय चललंस?" ते ओरडले. एरवी आमच्याशी ते शुद्ध बोलत, त्या दिवशी तोंडातून गावची भाषा बाहेर पडली. "मराक चललंस? मेल्या, आत जाव नको!"

मी त्यांना मारलं. हे लिहायला हवं म्हणून लिहितो. मी त्यांच्या तोंडावर ठोसा मारला, त्यांचा ओठ फाटला, एक दात हलला. त्यांनी मला सोडलं नाही. आणखी दोघे टाकीकडे धावले, तेव्हा ते झाकणाच्या भोकावर दोन्ही पाय फाकवून उभे राहिले, हातात पाइपचा तुकडा घेऊन. "जो पाय टाकेल त्याचा पाय मोडीन. एक आत आहे. मला दुसरा नकोय."

आणि तसेच उभे राहून ते भराभर कामं सांगत गेले. कॉम्प्रेसरची नळी आणून टाकीत सोडा. पंखा लावा. शेजारच्या कंपनीत श्वास घ्यायचं सिलिंडर आहे, गाडी घेऊन जा. अँब्युलन्स. सिलिंडर यायला वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं आम्ही सगळे वर उभे होतो आणि खाली संतोषची पाठ दिसत होती. सिलिंडर आलं तेव्हा पंचावन्न वर्षांच्या त्या माणसाने ते दुसऱ्या कोणाला दिलं नाही. स्वतः पाठीला बांधलं, उतरले, संतोषच्या काखेतून दोर घातला आणि त्याला वर पाठवलं. मग स्वतः वर आले आणि झाकणापाशी उकिडवे बसून उलटी केली.

संतोष गेला होता.

हॉस्पिटलमध्ये रेखा आली तेव्हा मी तिला म्हणालो, "मी उतरतच होतो, रेखा. मामांनी मला धरून ठेवलं." एवढंच. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

मामा भिंतीला टेकून उभे होते, ओठावर रक्त सुकलेलं. रेखा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुम्ही वरून बघत हुता? वीस मिनिटं? तुमची पोरगी आत पडली असती तर उतरला असता का न्हाई?"

कोणीही अशा वेळी काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. मामांनी विचार केला. खरंच विचार केला, चेहऱ्यावर दिसत होतं. मग म्हणाले, "नसतो उतरलो, बाई. कोणाला उतरूही दिलं नसतं."

तिने त्यांच्या थोबाडीत मारली. "तुमचं वाटोळं होईल," ती म्हणाली. "तुमच्या घरच्यांना तुमचं तोंड दिसणार न्हाई." मामांनी मान खाली घातली आणि तिथेच उभे राहिले. मी मध्ये पडलो नाही.

मग चौकशी झाली. टाकीत माणूस कोणाच्या सांगण्यावरून उतरला? मी सांगितलं, संतोष आपणहून उतरला, मी अडवायच्या आत. कुलूप उघडं कसं? या प्रश्नाला मी गप्प बसलो. मामा टेबलाच्या पलीकडे होते. कपाटाची दुसरी चावी कोणाकडे असते हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, आणि चौकशी करणाऱ्या साहेबांना म्हणाले, "कुलूप माझ्या ताब्यातलं आहे. उघडं राहिलं असेल तर जबाब माझा."

त्यांना काढून टाकलं. नोटिशीच्या काळात ते तीन महिने कामावर येत होते. मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. समोरून आले की मी वाट बदलायचो. आणि खरं सांगायचं तर त्या तीन महिन्यांत माझी मनापासून खात्री पटत गेली की संतोषला त्यांनीच मारलं. मी उतरलो असतो तर त्याला वर काढलं असतं, असं मी लोकांना सांगायचो, आणि लोक मान डोलवायचे.

एका रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. "दत्ता, मी परत जहाजावर चाललोय. एकदा येऊन जा."

मी का गेलो माहीत नाही. रहाटणीच्या त्या फ्लॅटमध्ये बाहेरच्या खोलीत एक बॅग उघडी पडली होती आणि केळुसकरमामी तिच्यात जाड मोजे भरत होत्या. मुलगी लग्न होऊन नाशिकला होती. या वयात, कंपनीच्या कागदावर निष्काळजीपणाचा शेरा असताना, मामांना आसपास कुठे काम मिळत नव्हतं. त्यांनी पुन्हा कोर्स केले, मेडिकल दिलं आणि कुठल्याशा एजंटामार्फत एका जुन्या जहाजावर जागा मिळवली. चांगल्या कंपनीने या वयाच्या फिटरला घेतलं नसतं. मामी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे परत त्या खड्ड्यात चाललेत." आणि चहा करायला आत गेल्या.

मामा म्हणाले, "त्या सारंगाची गोष्ट मी तुम्हाला अर्धीच सांगायचो."

सारंगामागोमाग तो अधिकारी उतरला आणि कोसळला, तेव्हा तिसरे मामा होते. त्यांचे दोन्ही पाय शिडीवर होते. जहाजावरचा स्वयंपाकी, ज्याला भंडारी म्हणतात, भाजीचा कचरा टाकायला तिथे आला होता. तो गोव्याचा, थोराड अंगाचा माणूस. त्याने मामांना कॉलरला धरून वर खेचलं आणि डेकवर उताणं पाडून त्यांच्या छातीवर बसला. मामांनी त्याच्या हाताला इतक्या जोरात चावा घेतला की हाडापर्यंत दात गेले. तो उठला नाही. लोक येईपर्यंत बसून राहिला.

"त्यानंतर चार महिने मी त्या जहाजावर होतो," मामा म्हणाले. "तिन्ही वेळा त्याच्या हातचं जेवलो आणि त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. तो ताट पुढे करायचा, हाताला बांधलेलं दिसायचं, मी मान फिरवायचो. मला वाटायचं, ह्याने माझा सारंग मारला. मला समजायला बरीच वर्षं गेली. समजलं तेव्हा पत्ता काढला. तो वारला होता."

मामा बॅगेची चेन लावत म्हणाले, "तू माझ्याशी बोलत नाहीस त्याचा मला राग नाही, हे सांगायला बोलावलं."

तेव्हा मी फुटलो. मीच त्याला जा म्हणालो, किल्ली मीच काढली, हे मी त्यांना सांगितलं. पहिल्यांदाच मोठ्याने बोललो ते.

"माका म्हायत आसा," ते म्हणाले.

"मग चौकशीत का नाही सांगितलंत?"

"तुझ्यामागे दोन घरं होती. तुझं आणि त्याचं. आणि मला सांगून काय उपयोग? मी आधीच ओळखलं होतं. जिला माहीत नाही तिला जाऊन सांग. मी जायच्या आत सांगितलंस तर बरं वाटेल. नाहीतर नंतर सांग, पण सांग."

मी हो म्हणालो. त्यांच्या पायाला हात लावला. चहा घेतला आणि निघालो. गाडी चऱ्होलीच्या रस्त्याला लावली नाही, सरळ चिखलीला घरी आलो. ते गेले. महिने जात राहिले. मी दर रविवारी रेखाकडे जायचो, मुलींना खाऊ न्यायचो, आणि दर रविवारी ती मामांना शिव्या घालायची. मी ऐकत बसायचो.

आठव्या महिन्यात मामींचा फोन आला. जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ बंदरात जागा मिळायची वाट बघत नांगर टाकून उभं होतं. मामा इंजिनरूममध्ये काम करता करता छातीवर हात ठेवून खाली बसले. डॉक्टर जहाजावर नसतो. तो येईपर्यंत सगळं संपलं होतं.

कागदपत्रांना सतरा दिवस लागले. तेवढे दिवस मामा जहाजावरच्या मांस-मच्छी ठेवायच्या शीतखोलीत होते. हे मामींना कोणी सांगू नये म्हणून मी खूप धडपडलो, पण एजंटाच्या माणसाने फोनवर सहज सांगून टाकलं. त्या मला म्हणाल्या, "जन्मभर उकाड्यात काम केलं त्यांनी. थंडी सोसायची नाही त्यांना. घरात पंखासुद्धा दोनवर असायचा." आणि मग विचारलं, "दत्ता, अंगावर काही पांघरूण घातलं असेल ना रे?"

मी म्हणालो, असेल.

पेटी आली ती मी आणि त्यांचा जावई मुंबईहून घेऊन आलो. ती उघडू नये असा तिकडच्या लोकांचा सल्ला होता, म्हणून मामींना तोंड दिसलं नाही. रेखा हॉस्पिटलमध्ये जे बोलली होती ते मला त्या क्षणी आठवलं, आणि तिथे उभं राहणं मला अशक्य झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चऱ्होलीला गेलो. रेखा पॅकिंगच्या कामाला निघायच्या तयारीत होती. मुली शाळेत गेल्या होत्या. मी दारातच सगळं सांगितलं. किल्ली, घड्याळ, 'जा, पटकन ये'. मामांनी मला ओढलं नसतं तर त्या दिवशी दोन प्रेतं निघाली असती, कदाचित चार. आणि चौकशीत ते का गप्प बसले.

ती रडली नाही. डबा हातात तसाच धरून तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यांना कळवा की, मी काय काय बोलले ते मागं घेते म्हणून. कुठं असतात आता?"

"काल पेटी आली, रेखा. ते वारले."

"माणूस गेल्यावर सांगायला आलात, भाऊजी," ती म्हणाली. "वर्ष झालं, दर रविवारी हितं बसून माझ्या शिव्या ऐकत हुता. एकदा तोंड उघडलं असतं तर त्या माणसाच्या पाया पडून आले असते मी."

तिने डबा आत नेऊन ठेवला, कामावर फोन करून येत नाही म्हणून सांगितलं आणि रहाटणीचा पत्ता विचारला. मी म्हणालो, गाडीवर सोडतो. ती म्हणाली, "तुम्ही यायचं न्हाई."

ती रिक्षाने गेली. नंतर कळलं, ती संध्याकाळपर्यंत मामींजवळ होती आणि त्यांना दोन घास तिनेच भरवले. दोघी काय बोलल्या ते मला कोणी सांगितलं नाही, आणि विचारायचा हक्क मला उरलेला नाही.